बिनकामाच्या याद्या

‘यादी’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. मूळ शब्द ‘याद’, म्हणजे आठवण. जुन्या मोडी कागदांवर ‘याद’ किंवा ‘यादी’ असा मथळा घालून खाली एकेक कलम उतरवलेले आढळते, आणि लग्न ठरताना देण्याघेण्याची व मानपानाची कलमे लिहून काढण्याला आजही ‘याद्या करणे’ असेच म्हणतात. वर ‘श्री’ आणि खाली तूरडाळ, पोहे, गूळ, सुके खोबरे अशी उतरंड असलेला वाण्याचा कागदही याच कुळातला. गंमत अशी, की नावात आठवण असली तरी या सगळ्या याद्या विसरता यावे म्हणून केलेल्या असतात. गूळ कागदावर उतरला की तो डोक्यात वागवावा लागत नाही. मानपानाची साडी कलमात आली की ती कोणाला मनात धरून बसावी लागत नाही, निदान तशी अपेक्षा असते. पुढल्या पानांवरच्या याद्या या जातीच्या नाहीत. त्या कोणाला द्यायच्या नाहीत, त्यांतल्या ओळींवर काट मारायची नाही, आणि केल्या नसत्या तरी कोणाचे काही अडले नसते. आंबट गोष्टींची यादी, पावसाळ्यात न वाळणाऱ्या वस्तूंची यादी, ‘उद्या नक्की’ असे ज्यांच्याबद्दल म्हटले जाते त्या कामांची यादी. असा उद्योग माणसे का करतात आणि त्यातून विसावा कसा मिळतो, एवढेच इथे मांडायचे आहे.

सुरुवात व्याकरणापासून करू. यादीत वाक्ये नसतात, नामे असतात. पण कामाच्या यादीतल्या प्रत्येक नामामागे एक क्रियापद दडलेले असते आणि ते बहुधा आज्ञार्थी असते. ‘गूळ’ म्हणजे गूळ आण. ‘वीजबिल’ म्हणजे बिल भर. ‘गॅसवाला’ म्हणजे त्याला पुन्हा एकदा फोन कर. फ्रिजच्या दारावरचा कागद नुसता वाचूनही दमायला होते, कारण एका दमात डझनभर हुकूम ऐकलेले असतात. हौसेच्या यादीत नामामागे असलेच तर एक ‘आहे’ असते. चिंच आहे, कैरी आहे, आमसूल आहे. तिथे काही सिद्ध करायचे नसते. ‘म्हणून’ आणि ‘परंतु’ यांना काम नसते, आणि एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना कोणाला कारण द्यावे लागत नाही. जागेपणीचा मोठा वेळ आपण कारणे देण्यात घालवतो, कधी इतरांना, कधी स्वतःला. हौसेच्या यादीचा विसावा या कारणांच्या आणि हुकमांच्या सुट्टीतून येतो, असे माझे म्हणणे आहे. मन चालत राहते, फक्त त्याला कुठे पोचायचे नसते.

मन चालत राहते हे नुसते अलंकारिक बोलणे नाही. १९४४ साली बाउसफील्ड आणि सेजविक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एखाद्या वर्गातली सुचतील तितकी नावे सांगायला लावून ती केव्हा केव्हा येतात हे तपासले. वेळ जाईल तसा वेग मंदावत होता, ते अपेक्षितच होते. पण नावे सारख्या अंतराने येत नव्हती, झुबक्यांनी येत होती: चार-पाच भराभर, मग शांतता, मग पुन्हा चार-पाच. २०१२ साली हिल्स, जोन्स आणि टॉड यांनी प्राण्यांच्या नावांवर हाच खेळ तपासला, तेव्हा त्यांना त्यात जनावरांच्या चरण्याचा नमुना दिसला. एका ठिकाणचे खाद्य विरळ होऊ लागले की प्राणी तिथेच रेंगाळत नाही, पुढचे ठिकाण गाठतो. स्मरणशक्तीही तसेच करते. आंबट गोष्टींची यादी मनातल्या मनात करून पाहावी. चिंच, कैरी, आवळा, लिंबू हे एका श्वासात येतात. मग खुंटते. मग अचानक झाडे सोडून मन स्वयंपाकघरात शिरते आणि ताक, आमसूल, अंबाडी, चुका असे सरसर येऊ लागते. तेही आटले की घाटावरची करवंदे, कोकणातली बिंबले, शाळेच्या फाटकाबाहेर तिखटमीठ लावून मिळणारे रायआवळे. प्रत्येक उडीबरोबर जागा बदलते, ऋतू बदलतो, कधी वयही बदलते. चिंच आणि फाटक यांच्यामध्ये कोणताही युक्तिवाद नसतो, तरी रस्ता असतो, आणि तो रस्ता आपल्या डोक्यात होता हे यादी करेपर्यंत ठाऊक नसते. वाण्याची यादी विसरायला करतात; ही आठवायला. ‘याद’ हे नाव तिलाच जास्त शोभते.

हाच खेळ घड्याळ लावून खेळला की त्याचे रूप पालटते. स्मृतिभ्रंशाची शंका असलेल्या माणसाला डॉक्टर एका मिनिटात जितकी आठवतील तितक्या प्राण्यांची नावे सांगायला लावतात. साहित्य तेच, वाट तीच, पण मागे ‘सांग’ हा हुकूम उभा असतो आणि तिथे घाम फुटतो. नाव-गाव-फळ-फूल हा पोरांचा खेळ या दोहोंच्या मधोमध बसतो. घाई आहे, गुण आहेत, दोघांनी एकच फळ लिहिले तर दहाचे पाच होतात. तरी खेळाची खरी मजा गुणांत नसते. ‘ढ’ निघाल्यावर ढोबळी मिरची फळात बसते की नाही यावर जे भांडण होते त्यात ती असते. (वनस्पतिशास्त्र ढोबळी मिरचीच्या बाजूचे आहे, पण ते सहसा खेळायला नसते.)

इथे एक आक्षेप समोर येतो, आणि तो प्रयोगातूनच आलेला आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला लावले. निम्म्यांनी येत्या दिवसांत करायची कामे लिहिली, उरलेल्यांनी नुकतीच पार पाडलेली. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि ज्यांची यादी जितकी तपशीलवार त्यांना तितकी लवकर. मग आराम हुकमांच्याच यादीने मिळतो असे म्हणायला नको का? झोपेपुरते म्हणता येईल. तो प्रयोग ओझे उतरवण्याचा आहे आणि ओझे उतरवायला कामाची यादी उत्तमच. ती विसरण्यासाठी असते हे वर म्हटलेच आहे. पण झोप आणि विसावा या दोन गोष्टी आहेत. हमालाने डोक्यावरचे पोते खाली ठेवले की त्याची मान मोकळी होते. संध्याकाळी तोच गडी नदीकाठी फेरी मारतो ती कशासाठी, याचे उत्तर पोत्याच्या वजनात सापडणार नाही.

काठाकाठाने हिंडणाऱ्या या यादीची जगातली सर्वात मोठी उस्ताद हजार वर्षांपूर्वी जपानच्या दरबारात होऊन गेली. सेई शोनागोन ही सम्राट इचिजोची राणी तेइशी हिच्या सेवेतली बाई. तिच्या ‘माकुरा नो सोशी’ या ग्रंथात, म्हणजे उशाशी ठेवायच्या टिपणांत, दीडशेहून अधिक याद्या आहेत. काळजाचा ठोका चुकवणाऱ्या गोष्टी, चीड आणणाऱ्या गोष्टी, चित्रात उतरवल्या की फिक्या पडणाऱ्या गोष्टी, लांब असून जवळच्या आणि जवळ असून लांबच्या गोष्टी. या शेवटच्या मथळ्याखाली ती सरत्या वर्षाचा अखेरचा दिवस आणि नव्याचा पहिला दिवस यांना बसवते. हिंडायला कुंपण लागते ते कसे, हे तिच्याकडून शिकावे. ‘सुंदर गोष्टी’ असा मथळा घेतला तर मन भांबावून जागीच बसते. ‘जवळ असून लांबच्या’ असा घेतला की ते कामाला लागते, कारण आता वस्तू नव्याने पारखाव्या लागतात. चांगला मथळा हा अर्धा प्रश्न असतो आणि यादी त्याचे कधीच पुरे न होणारे उत्तर. तिच्या काही याद्या तर पर्वतांची, पुलांची, बाजारांची निव्वळ नावे आहेत, नावाच्या नादासाठी गोळा केलेली.

हे सगळे चैनीत बसून सुचले असेल असे वाटते, पण तेइशीचा पिता ९९५ साली वारला, सत्ता तिच्या चुलत्याच्या हाती गेली, भाऊ हद्दपार झाले आणि इसवी सन १००० च्या अखेरच्या हिवाळ्यात बाळंतपणात ती स्वतः गेली. पडत्या घराच्या अंगणात बसून शोनागोन लिहीत होती आणि त्या पडझडीबद्दल तिने जवळपास काही लिहिले नाही. याला पळवाट म्हणणारे म्हणोत. मला त्यात एक निर्धार दिसतो: घडत असलेल्या अनर्थाची कारणमीमांसा करायची नाही, समोर काय ‘आहे’ तेवढे टिपायचे. तिला निर्दोष ठरवायचेही कारण नाही. सामान्य लोकांच्या घरांवर पडलेला बर्फ तिला विजोड वाटतो, एवढी ती आढ्यतेखोर होती. क्रियापद नसले म्हणजे पूर्वग्रह नसतो असे नाही. मथळ्याच्या आड तो आरामात बसू शकतो.

मराठीत याच्या जवळ जाणारे नाव शोधायचे तर समर्थ रामदासांचे घ्यावे लागेल. दासबोधाच्या वीस दशकांतला दुसरा दशक मूर्खलक्षणांचा. पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे, दुसऱ्यात उत्तम लक्षणे, आणि दहाव्यात, जणू पहिली यादी अपुरी राहिली म्हणून, पढतमूर्खाची वेगळी. इथे दडलेले क्रियापद स्पष्ट आहे: टाक. ही लक्षणे सोडून देण्यासाठी सांगितली आहेत, असे समर्थांनीच बजावले आहे. तरीही वाचताना असे जाणवते की उपदेशाला लागतील त्याहून ही लक्षणे बरीच जास्त आहेत. उपदेश दहा-वीस ओळींत आटोपला असता. पुढे जे चालते ते चरणे आहे: एका मूर्खावरून दुसरा आठवतो, घरातल्यावरून दारातला, दारातल्यावरून सभेतला. गावोगाव फिरलेल्या माणसाच्या नजरेला हे सगळे भेटलेले आहेत आणि त्यांना रांगेत उभे करण्यात त्याला रस वाटतो. आज्ञार्थाच्या आडून ‘आहे’ने आपला कार्यभाग साधून घेतला, असे म्हणायला जागा आहे.

आता सर्वात गंभीर आक्षेप. यादी हे सत्तेचे हत्यार आहे, तिला विरंगुळा म्हणणे भाबडेपणाचे आहे. यात तथ्य आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अख्ख्या जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदवायला सुरुवात केली, पुढे त्याचा पट्टा देशभर वाढला आणि १९५२ पर्यंत त्या नोंदीने माणसांच्या पिढ्या पोलिसांच्या हजेरीला उभ्या केल्या. विमुक्त या शब्दात ती यादी आजही ऐकू येते. तिथे प्रत्येक नामामागचे क्रियापद ‘धर’ हे होते. पण या उदाहरणाने माझा मुद्दा मोडत नाही, उलट कसोटी हाती येते: यादी कोण करतो, कोणाची करतो, आणि नामामागे कोणते क्रियापद ठेवतो. लेखनाच्या जन्मापासून ही दोन्ही टोके शेजारी नांदताना दिसतात. मेसोपोटेमियातल्या उरुक नगरात इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकाच्या अखेरीस माणसाने मातीच्या पाट्यांवर लिहायला घेतले ते धान्य, मेंढ्या आणि मजुरीचे हिशेब ठेवायला. त्याच पाट्यांच्या जोडीला हुद्द्यांच्या, झाडांच्या, माशांच्या, भांड्यांच्या शब्दयाद्याही सापडल्या. त्या लेखनिकांच्या सरावासाठी होत्या, पण त्यांतले कितीतरी शब्द हिशेबाच्या पाट्यांवर कुठेच येत नाहीत. कोठाराला न लागणारे मासेही कोणीतरी लिहून ठेवले. हुद्द्यांची यादी तर त्यातले कित्येक हुद्दे कालबाह्य झाल्यावरही शतकानुशतके नकलली जात राहिली.

काळही क्रियापदे झिजवतो. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला राजाराम महाराजांसाठी जी बखर लिहिली तीत शिवाजी महाराजांच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंची आणि किल्ल्यांची मोजदाद आहे. लिहिणाऱ्याच्या मनात राज्याचा ताळेबंद होता. आज ती पाने वाचताना कोणी ताळा जुळवत नाही; नाणी, कापड, शस्त्रे, मसाल्याचे जिन्नस अशी नावे डोळ्यांपुढून जातात आणि एक भरलेले कोठार उघडते. हिशेबाची यादी अशी आपोआप हौसेची होते. याहून वेगळी, जन्मतःच बिनहिशेबी असलेली यादी हवी असेल तर महानुभावांची ‘स्थानपोथी’ पाहावी. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर अनुयायांनी ते जिथे जिथे गेले त्या गावांची, देवळांची, ओट्यांची नोंद केली: इथे आसन झाले, इथे वसती झाली, दार अमुक दिशेला. इथले क्रियापद ‘होते’ आहे. या यादीने कोणाला काही करायला सांगितले नाही. प्रेमाला पुरावा गोळा करायची सवय असते, त्यातला हा प्रकार.

ही सवय उलटूही शकते, हे कबूल केले पाहिजे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला तोच जिंजी. यादी जाहीर झाली की ‘बाराही गाठायचे’ ही ईर्ष्या आलीच. पक्षिनिरीक्षकांतही जन्मभरात पाहिलेल्या पक्ष्यांची यादी ठेवणारे असतात, आणि काहींना नवा पक्षी दिसल्याबरोबर तो पाहण्याऐवजी लिहिण्याची घाई होते. इथे ‘आहे’च्या जागी ‘गाठ’ आले. उपाय यादी फाडण्याचा नाही. बारा किल्ले पुरे होतात. राजगडावर वारा कोणकोणते आवाज काढतो याची यादी पुरी होत नाही, म्हणून ती कोणी जिंकू शकत नाही. ‘सर्वोत्कृष्ट दहा’ या प्रकाराबद्दल मात्र मला फारशी सहानुभूती नाही. क्रमांक लावला की निवाडा आला, निवाडा आला की कारण आले, आणि सुट्टी संपली.

उरला साहित्यिकांचा जुना टोमणा: ही तर नुसती जंत्री! मराठी समीक्षेत याहून उपेक्षेचा शब्द कमी सापडेल, आणि बोलीनेही याद्यांवर फार दया दाखवलेली नाही. तक्रारींचा पाढा असतो, लांबलेल्या गोष्टीला मारुतीचे शेपूट म्हणतात. शोनागोनलाही ते चुकले नाही. आर्थर वेलीने १९२८ साली तिच्या ग्रंथातून इंग्रजीत जी निवड केली तीत मुळाचा सुमारे चौथा हिस्सा आहे, आणि जे गाळले त्यात याद्यांचा भरणा मोठा होता. सगळा ग्रंथ इंग्रजीत यायला आयव्हन मॉरिसच्या १९६७ च्या भाषांतराची वाट पाहावी लागली. टोमण्याचा अर्थ एवढाच की जंत्रीत निवड नसते. पण निवड मथळ्यात झालेली असते. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने १९७४ या एका वर्षात आपण खाल्ल्याप्यायलेल्या सगळ्या पदार्थांची यादी करून छापली. तीत मत नाही, वर्णन नाही, पश्चात्ताप नाही. ती वाचताना आधी हसू येते, मग त्या एका माणसाच्या वर्षभराच्या बैठका, पाहुणे आणि एकटे जेवणाचे दिवस ओळींच्या फटीतून दिसू लागतात. एवढे मांस आणि एवढी वाइन कोणाच्या सोबतीने पोटात गेली, हे त्याने सांगितलेले नाही. वाचणारा ते मनाशी जुळवत बसतो.

उम्बेर्तो एकोने २००९ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात याद्यांवर प्रदर्शन मांडले आणि त्याच विषयावर ग्रंथ लिहिला, त्यात ज्या याद्या संपतात आणि ज्या ‘वगैरे’त विरून जातात त्यांच्यात त्याने भेद केला आहे. आपल्याकडे ‘वगैरे’ अरबीतून आला आणि ‘इत्यादी’ संस्कृतातून. ‘इत्यादी’ म्हणताना शेवटी ‘यादी’ ऐकू येते. व्युत्पत्तीने दोघींचे काही नाते नाही, एक इति-आदि आहे आणि दुसरी याद, पण कानाला ते पटत नाही आणि मला कानाची बाजू घ्यावीशी वाटते. या पुस्तकातल्या याद्यांना म्हणूनच क्रमांक दिलेले नाहीत आणि शेवटच्या नोंदीनंतर पूर्णविरामही नाही. त्या अकारविल्हेही लावलेल्या नाहीत. ज्या क्रमाने सुचल्या त्याच क्रमाने ठेवल्या आहेत, म्हणजे कुठे झुबका संपला आणि कुठे उडी मारली ते दिसते. पेरेकने ‘झ मे सुव्हियाँ’ या १९७८ च्या आठवणींच्या पुस्तकात शेवटी काही पाने वाचकाच्या आठवणींसाठी कोरी ठेवायला लावली होती. ती कल्पना इथे उसनी घेतली आहे. कोऱ्या पानांवर फक्त मथळे छापले आहेत आणि त्यांतला पहिला असा आहे: घरात असलेल्या, पण कोणी विकत न आणलेल्या वस्तू